वेळेआधी सुटलेली गाडी

"साडेदहा ते अकरा दहा, मोठा पाळणा. अकरा दहा ते अकरा वीस, लघवी," आजोबा म्हणाले आणि तांबड्या पेन्सिलीनं नकाशावर एक फुली मारली. "अकरा वीसला उलटी गाडी. ती मुख्य."

"आजोबा, लघवीपण लिहिताय?"

"लिहायची. गाडी कुठलीबी असू दे, थांबे आधी लिहायचे. ड्रायव्हर-कंडक्टरच्या मनावर ठेवलं की प्रवाशाचे हाल होतात."

जेवणाच्या टेबलावर 'आनंदलोक'चा नकाशा पसरला होता. मुंबईच्या अलीकडचं ते मोठं पार्क. आमच्या वर्गातल्या चौघी तिथं जाऊन आल्या होत्या आणि त्यांच्या गप्पा ऐकून मी वर्षभर जळत होते. दिवाळीच्या सुट्टीत आपणही जायचं, असं पप्पांनी जाहीर केल्याबरोबर आजोबांनी पार्कच्या ऑफिसला पत्र टाकून नकाशा मागवला होता. पत्राखाली सही केली होती, 'निवृत्त वाहतूक नियंत्रक, एस.टी.'

कराडच्या स्टँडवर चौतीस वर्षं आजोबा कंट्रोलर होते. माइकवर "विट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे" म्हणणारा जो आवाज, तो माझ्या आजोबांचा. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली तरी आवाज तसाच होता. भाजी वाढ म्हणतानासुद्धा ते सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणायचे. आजी मी लहान असतानाच गेली होती. घरात आई, पप्पा, मी आणि हा आवाज.

"पण त्या डोकं खाली करून फिरवणाऱ्या उलट्या गाडीत तुम्ही बसणार?" मी विचारलं.

"बसणार म्हणजे? त्यासाठीच तर चाललोय," आजोबा म्हणाले. "चौतीस वर्षं लोकांना बसवून दिलं. शाळेच्या सहली, वऱ्हाडं, काशीला चाललेल्या म्हाताऱ्या. गाडी सुटली की ती तिकडं आणि मी फलाटावर. आता एकदा मला कुणीतरी बसवा की."

हसत म्हणाले, पण खरं म्हणाले. मला तेव्हासुद्धा कळलं की ते खरं आहे. मला कळलं नव्हतं अशी सबब मला सांगता येत नाही.

त्यांनी मला कंडक्टर नेमलं होतं. गाडी पप्पांची, म्हणजे नुकतीच घेतलेली सेकंडहँड मारुती. ड्रायव्हर पप्पा, डबे आईकडं, आणि बेल माझ्याकडं. "तू डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलायची नाही," असं त्यांनी पप्पांसमोर बजावलं होतं. पहिले आठ दिवस मला त्या सगळ्याची फार गंमत वाटली. शनिवारी साडेसातला कराड सोडायचं, संध्याकाळी पार्कजवळच्या लॉजवर मुक्काम, रविवारी पार्क, सोमवारी परत. चहा कुठं, जेवण कुठं, सगळं आजोबांनी उभ्या-आडव्या रेघा मारून लिहिलं होतं.

मग त्यांनी ट्रायल काढली. नवी गाडी, नवा ड्रायव्हर, एकदम लांब पल्ला नको, म्हणून आधीच्या रविवारी पालीच्या खंडोबाला जाऊन यायचं. मी निकिताला बरोबर घेतलं. निकिता माझी मैत्रीण, वकिलांची मुलगी. पार्कला जाऊन आलेल्या चौघींतली एक. आमच्याकडंही गाडी आहे हे तिला दाखवायचं होतं मला, आणखी काय.

येताना मागच्या सीटवर खिडकीशी आजोबा, मध्ये मी, पलीकडं निकिता.

"अशोक, जरा बाजूला घे," आजोबा पप्पांना म्हणाले.

"दादा, आलंच की आता हायवे. तिथं हॉटेलात थांबू."

हायवे आला. हॉटेल गेलं. पप्पांना नव्या गाडीचा चौथा गिअर सापडला होता आणि तो त्यांना सोडवत नव्हता.

"अशोक, घे रे जरा."

"दहा मिनिटांत घरी पोचतो, दादा. दम धरा थोडा."

आजोबांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसले. थोड्या वेळानं माझ्या मांडीला ओलं लागलं. मी खाली बघितलं. नव्या क्रीम कलरच्या सीट कव्हरवर डाग पसरत पसरत माझ्या फ्रॉकखाली आला होता. निकितानं वास घेतला, खाली पाहिलं आणि दोन्ही पाय वर उचलून घेतले. घर येईपर्यंत तिनं ते खाली ठेवले नाहीत.

सोमवारी ती वर्गात काय बोलली हे मी सांगत बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीचे शेवटचे तीन दिवस माझ्या बाकाशी आलं की मुली नाक धरायच्या. माझा राग निकितावर निघायला हवा होता, गाडी न थांबवणाऱ्या पप्पांवर निघायला हवा होता. तो निघाला आजोबांवर.

गुरुवारी, सुट्टीच्या पहिल्या दुपारी, आजोबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. आई मोरीत तिसऱ्यांदा सीट कव्हर घासत होती. पप्पा कारखान्याच्या पाळीवरून येऊन दारातच उभे राहिले.

"निघाला का?"

"डाग निघाला. वास राहिलाय." आईनं कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले. "अहो, मी मामंजींना काही म्हणत नाही. वय आहे. पण तिथं दोन-दोन तास रांगा असतात म्हणे. तिथं काय करायचं?"

"मग काय, येऊ नका म्हणून सांगू? तू सांगतेस?"

"मी कशी सांगणार? तुमचे वडील आहेत."

"मला नाही जमायचं. महिनाभर नाचतोय तो माणूस."

बादलीत पाणी पडत होतं. मी उंबऱ्यावर बसले होते. आमच्या घरात माझ्या जिभेला हाड नाही असं सगळेच कौतुकानं म्हणायचे.

"सांगायचं कशाला?" मी म्हणाले. "सहाला ते फिरायला जातात. साडेसातची वेळ त्यांनीच ठरवलीय. आपण सव्वासहाला निघायचं."

आई हसली. पप्पाही हसले. "काय कार्टी आहे बघ," म्हणाले.

मग आईचं हसणं थांबलं, पप्पांचंही थांबलं, आणि कुणीच 'गप्प बस' म्हटलं नाही. मी वाट बघत होते. त्या वयात मोठी माणसं आपल्याला कुठंवर जाऊ देतात हे बघायची मला खोड होती. पप्पा चप्पल काढून आत गेले. आईनं कव्हर पिळलं. रात्री जेवताना आजोबांनी विचारलं, "अशोक, शनिवारी साडेसात पक्कं ना?" आणि पप्पा ताटात बघत म्हणाले, "पक्कं, दादा."

शुक्रवारी संध्याकाळी आजोबा गल्लीतल्या न्हाव्याकडून परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. डोकं काळं, मिशी काळी, आणि कानाच्या पाळीवर कलपाचा एक ठिपका.

"मामंजी, हे काय?" आई म्हणाली.

"पार्कात फोन केला होता मी," आजोबा हळूच म्हणाले. त्यांचं हळूच म्हणजे आपलं मोठ्यानं. "साठीच्या पुढच्याला उलट्या गाडीत बसू देत नाहीत. दारावर माणूस असतो, तो बघतो. आता सांग, किती वर्षांचा दिसतो?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली.

"पन्नास," मी म्हणाले.

"पन्नास जरा जास्तच झालं," आजोबा खूश होऊन म्हणाले. "अठ्ठावन्न म्हण. रिटायरमेंटच्या दिवशी होतो तेवढाच."

त्या रात्री झोपायच्या आधी त्यांनी आपली बॅग स्वतः डिकीत ठेवली. निळी, रेक्झिनची, चेन तुटलेली म्हणून सुतळीनं बांधलेली.

शनिवारी सहाला ते संगमाकडं फिरायला निघाले. जाताना दारातून म्हणाले, "सातला दूध घेऊन हजर. कंडक्टर, डबे भरले का बघ." मी "हो" म्हणाले. त्यांच्या पायातल्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही तिघं घरात जिथल्या तिथं उभे होतो. मग जे काही झालं ते न बोलता झालं. आईनं डबे नेले. पप्पांनी गाडी फाटकाबाहेर काढली. मी डिकी उघडून निळी बॅग बाहेर काढली आणि पायरीवर ठेवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. बॅग जड होती. आत काय होतं ते मी बघितलं नाही. किल्ली आईनं शेजारच्या घोरपडे काकूंकडं दिली आणि काहीतरी पुटपुटून आली.

गाडीत बसल्यावर पप्पांनी किल्ली फिरवली आणि आई म्हणाली, "थांबा. तिघंच झालो आपण."

"मग?"

"तिघांनी निघू नये. एवढ्या लांब, घाटातून. काहीतरी चौथं घ्या."

आमच्याकडं ही पद्धत आहे. तिघं महत्त्वाच्या कामाला निघाले की चौथं माणूस म्हणून एक सुपारी नाहीतर दगड खिशात घ्यायचा. पप्पा उतरले. समोर घोरपड्यांच्या बांधकामाची खडी पडली होती, त्यातला एक खडा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "ठेव खिशात. सांडू नको." माणूस घरी ठेवून माणसाऐवजी दगड घेतोय, हे तिघांनाही लख्ख दिसत होतं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

पप्पांनी माझ्याकडं आरशातून पाहिलं. ते खरोखर माझ्या बेलसाठी थांबले होते. मी हातातल्या पाण्याच्या बाटलीवर दोनदा टकटक केलं आणि गाडी सुटली. सहा वीस झाले होते.

सातारा यायच्या आधी आई म्हणाली, "अहो, परत फिरायचं का? अजून सात वाजतायत."

पप्पांनी गाडी हळू केली. मला अजून आठवतं, त्यांनी खरंच हळू केली होती.

"आता काय सांगणार त्यांना?" मी मागून म्हणाले. "पेट्रोल भरायला साताऱ्यापर्यंत गेलो होतो म्हणून?"

पप्पांनी गिअर बदलला.

पार्कात मी खूप मजा केली. हे लिहायला लाज वाटते, पण घशाखाली घास उतरला नाही वगैरे म्हटलं तर ते खोटं होईल. मी सगळ्यात बसले, दोन-दोनदा बसले. उलट्या गाडीच्या दारात माणसानं खिसे रिकामे करायला लावले. माझ्या खिशातून खडा निघाला.

"हे काय गं?"

"चौथं माणूस," मी म्हणाले. तो हसला, मीही हसले. त्यानं तो खडा ट्रेमध्ये लोकांच्या चष्म्यांशेजारी ठेवला. दारावर तो वय बघत बिघत नव्हता. माझ्या पुढच्या डब्यात पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ नातवाचा हात धरून बसले होते. गाडी उलटी झाली तेव्हा ते सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले.

सोमवारी दुपारी चारला आम्ही घरी पोचलो. दार आजोबांनीच उघडलं. आमच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. पाणी दिलं. केस काळेभोर, मुळाशी मात्र तीन दिवसांत पांढरी कड दिसायला लागली होती. आई आत जाऊन चहाचं भांडं उगाच वाजवत राहिली. दुसऱ्या दिवशी घोरपडे काकूंनी तिला ऐकवलंच की म्हातारा दूध घेऊन आला, कुलूप बघितलं, पेट्रोल भरायला गेले असतील म्हणाला आणि बॅग मांडीवर घेऊन पायरीवर बसला. साडेसातला उठून फाटकाशी जाऊन उभा राहिला. साडेदहापर्यंत उभा होता. काकूंना धीर होऊन त्या किल्ली घेऊन गेल्या तेव्हा दूध नासलं होतं.

त्या सोमवारी हे आम्हाला माहीत नव्हतं. आजोबा खुर्चीवर बसले आणि पप्पांना म्हणाले, "किती वाजता सुटली गाडी?"

"सहा वीस," पप्पा म्हणाले. "दादा, ते काय झालं, हायवेचं काम चालू आहे, गर्दी होते असं समजलं म्हणून जरा..."

"मी विचारलं का कारण?" आवाज चढलेला नव्हता. तो माइकवरचा आवाजच नव्हता. "अशोक, आमच्यात गाडी उशिरा सोडली तर मेमो मिळायचा. वेळेआधी सोडली तर सस्पेंड. का ते माहीत आहे? उशिरा सुटली तर प्रवासी आत तरी असतो. वेळेआधी सोडली, की जो वेळेवर आलाय तोच राहतो. त्याची काही चूक नसते."

पप्पांनी गाडीची किल्ली खिशात घातली.

"बेल कुणी दिली?" आजोबांनी विचारलं.

आता वाटतं, पप्पांनी 'मी' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पप्पा म्हणाले, "हिनं."

आजोबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते चक्क हसले. मुलानं केलं नाही, पोरीनं केलं, पोरीला काय कळतं, असं झालं असावं त्यांना. त्यांनी मला जवळ बोलावलं. "विसरलीस होय गं कंडक्टर? आपला एक प्रवासी यायचा होता."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. 'विसरले' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. त्यांना तेवढंच हवं होतं. पण पप्पांनी मला पुढं केलं याचा संताप माझ्या डोक्यात होता, तीन दिवस नाकं धरणाऱ्या पोरी डोक्यात होत्या, आणि समोर हा म्हातारा मला माफ करत होता. ते माफ करणं मला सहन झालं नाही.

"विसरले नाही," मी म्हणाले. "तुम्हाला मुद्दाम नेलं नाही. सीट ओली होते."

आत चहाचं भांडं वाजायचं थांबलं.

आजोबा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मान हलवली, एखाद्यानं गाडीची वेळ सांगावी आणि आपण ती लक्षात ठेवावी, तशी. "बरं," म्हणाले. उठले आणि आपल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं बाहेर येऊन नेहमीसारखा चहा प्यायले.

त्यानंतर ते चार वर्षं होते. माझ्याशी वाईट वागले नाहीत, अबोला धरला नाही, दहावीला पेढे वाटले. फक्त त्या गाडीत बसले नाहीत. लग्नकार्य असो, डॉक्टर असो, आम्ही मारुतीतून पुढं जायचो आणि ते पिशवी घेऊन स्टँडवर जायचे. पप्पांनी सुरुवातीला खूप आग्रह केला. "मला एस.टी. बरी. तिथं ओळख आहे," म्हणायचे. मग आम्ही आग्रह करायचं सोडलं. खरं सांगायचं तर आम्हाला ते सोयीचंच झालं.

मी बारावीत असताना डिसेंबरात एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. घामानं सदरा भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. रिक्षा मिळेना. पप्पांनी गाडी दाराशी आणली, मी आणि आईनं आजोबांना दोन्हीकडून धरून आणलं. पप्पांनी मागचं दार उघडलं.

आजोबा दाराशी थांबले. एका हातानं गाडीचं टप धरलं.

"बसा, दादा."

"आधी काहीतरी अंथर खाली."

"काही अंथरायला नको दादा, बसा तुम्ही, वेळ घालवू नका!"

"नको," आजोबा म्हणाले. त्यांना दम लागत होता, एकेक शब्द वेगळा येत होता. "सीट ओली होते."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी तो जन्मभर खुशीनं ऐकला असता. एखादी माहिती नुसती सांगावी तसं त्यांनी मला सांगितलं, माझ्याकडं बघून, कारण अंथरायचं काम त्यांच्या लेखी माझ्याकडं होतं.

मी त्यांना आत ढकलायला हवं होतं. त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. मी धावत घरात गेले, माळ्यावरचं, नव्या गादीवर गुंडाळून आलेलं प्लास्टिक ओढून काढलं आणि आणून सीटवर अंथरलं. चारी कोपरे ओढून, नीट, घडी राहणार नाही असं. मग ते बसले.

दवाखाना सात मिनिटांवर होता. मी पूर्ण वेळ त्यांचा हात धरून बसले होते. तो कुठल्या मिनिटाला सैल झाला ते मला कळलं नाही. वॉर्डबॉयनी त्यांना उचलून स्ट्रेचरवर घेतलं, पप्पा आणि आई मागोमाग धावले, आणि मी गाडीचं दार लावायला वळले.

प्लास्टिक अगदी कोरडं होतं.